उन्हाळ्यात सहा आठवडे परदेशात शिकवायला जाऊ का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉलेजचं दुसरं वर्ष, पुढे टीचर व्हायचंय, तू जिथे प्रार्थनेला जातेस त्या संस्थेची सहा आठवड्यांची ट्रिप आहे, परदेशातल्या मुलांना इंग्लिश शिकवायचं, खर्च आपला आपण ओळखीच्यांकडून गोळा करायचा, आणि बाबा म्हणतायत सुट्टीत इंटर्नशिप कर. याचा करिअरला उपयोग होईल का, असं विचारलंयस.

होईल, जा. पण आधी संस्थेकडून रोजचं टाइमटेबल लेखी मागून घे, किती तास वर्गात आणि किती तास प्रार्थना-प्रवचन, अगदी तासांत. श्रद्धेने काम करायला माझी अजिबात हरकत नाही, तुझी तळमळ पत्रात दिसतेच, पण शिकवणीच्या आड धर्मप्रचार चालणार असेल तर ते त्या मुलांच्या आईवडिलांना माहीत हवं आणि तिथल्या कायद्यातही बसायला हवं. नेपाळचंच बघ ना, राज्यघटनेच्या कलम २६ मध्येच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, आणि २०१८ मध्ये लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परदेशी माणसाला तर शिक्षा संपली की देशाबाहेर काढतात. व्हिसाचंही तसंच, पगार नाही म्हणजे टुरिस्ट व्हिसावर चालतं असं धरून चालू नकोस. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून नोंदणीकृत चॅरिटीत जास्तीत जास्त ३० दिवस सेवा करता येते, तुझे तर ४२ होतात! म्हणून कुठल्या व्हिसावर नेताय ते स्पष्ट विचार, आणि "तिकडे विचारलं तर फिरायला आलोय सांगा" असं कोणी म्हणालं तर तिथेच नाही म्हण.

अनाथाश्रमात राहून शिकवायचं असेल तर मात्र मी जाऊ नकोसच म्हणेन. परदेशी पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून आईवडील असलेली मुलंही तिथे ठेवली जातात, हे बऱ्याच देशांत उघड झालंय, आणि दर उन्हाळ्यात नवीन ताई येते, जीव लावते, निघून जाते, याचा त्या पोरांना फार त्रास होतो गं.

शाळा असेल तर उत्तम. तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली काम कर, तू गेल्यावर वर्ग तेच घेणार आहेत. जायच्या आधी १२० तासांचा टीईएफएल कोर्स (इंग्लिश ही परदेशी भाषा म्हणून शिकवायचं प्रशिक्षण) जमला तर कर, रोजचे लेसन प्लॅन जपून ठेव, कुठला धडा फसला आणि दुसऱ्या दिवशी काय बदललं तेही लिही, कारण पुढे इंटरव्ह्यूत ट्रिपच्या फोटोंपेक्षा याबद्दल बोलता येणं जास्त कामाला येतं. सीव्हीत संस्थेचं नाव, धार्मिक ओळख लपवू नकोस, सरळ लिही.

पैसे देणाऱ्यांनाही तेच टाइमटेबल दाखव. आणि बाबांना आज लगेच पटवायला जाऊ नकोस, कागद हातात आला की दोघं मिळून वाचा, वर्गाचे तास दिवसाला दोनच निघाले तर बाबांचं म्हणणं बरोबर आहे, यावर्षी इंटर्नशिपच कर.