बंपरला भोक न पाडता सेन्सर बसेल का?

प्रश्न : गाडी ऑफिसची आहे. करार संपला की जशी मिळाली तशी परत करायची. तळघरातल्या पार्किंगमध्ये माझ्या जागेच्या दोन्ही अंगांना खांब आहेत आणि गेल्याच महिन्यात मागचा डावा कोपरा घासला. रिव्हर्स सेन्सर बसवायला गेले, तर कारागिराने आधी ड्रिलच बाहेर काढलं. बंपरला चार भोकं पाडावीच लागतील म्हणाला. तेच सेन्सर बंपरच्या आतून चिकटवले तर? की नंबर प्लेटच्या चौकटीत बसवलेले मिळतात, ते घेऊ?
(एक वाचक, नाव छापू नये)

उत्तर : आतून चिकटवायचा उद्योग मी स्वतः करून बसलोय, म्हणून आधी त्याचंच सांगतो. वायरिंगची कामं नुकतीच घ्यायला लागलो होतो, अंगात खुमखुमी होती. माझ्याच गाडीच्या बंपरला आतून चार सेन्सर चिकटवले, रिव्हर्स टाकला आणि बझर जो एका सुरात किंचाळायला लागला, तो गाडी मोकळ्या मैदानात नेली तरी थांबेना. नेहमीचा सेन्सर आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळात परत येतो ते मोजतो. हा आवाज 40 किलोहर्ट्झच्या आसपासचा. माणसाच्या कानाची धाव 20 पर्यंतच, म्हणून आपल्याला तो ऐकू येत नाही. एक मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी सहा मिलीसेकंदांच्या आत परत येतो. पण समोर बंपरचं प्लास्टिक असेल तर जवळजवळ सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो. त्याला बंपर हीच भिंत वाटते. त्या सेन्सरचं तोंड उघड्या हवेतच हवं. तुमचा कारागीर उगाच ड्रिल काढत नव्हता.

नंबर प्लेटची चौकट वाईट नाही. प्लेटच्या आहे त्याच स्क्रूंवर बसते, काढली की मागे खूण राहत नाही. मागच्या भिंतीपासून किती लांब आहोत एवढंच कळायला हवं असेल, तर मी तीच घ्यायला सांगितली असती. पण तुमचं दुखणं कोपऱ्याचं आहे. गाडी पावणेदोन मीटर रुंद, चौकट जेमतेम अर्ध्या मीटरची, आणि तीही बरोबर मध्यावर. कोपऱ्याजवळचा खांब तिच्या टप्प्यात येतच नाही. बझर गप्प आणि कोपरा खांबावर, असं व्हायचं. त्यात प्लेट डिकीच्या दारावर उंच असेल तर खालचे बुटके खांबही सुटतात.

तुमच्यासाठी तिसरा प्रकार आहे, पट्टीचा. धातूच्या पातळ पत्र्याची चिकटपट्टी बंपरच्या आतल्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत लावायची आणि तिची वायर एका छोट्या डबीला जोडायची. पट्टीभोवती क्षीण विद्युतक्षेत्र तयार होतं. त्यात खांब, माणूस, दुसरी गाडी असं काही शिरलं की पट्टीची धारकता, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, बदलते आणि डबी बझर वाजवते. प्लास्टिक आड आलं तरी अडत नाही, आणि कोपरेही पट्टीखाली येतात. बंपर धातूचा असेल तर मात्र हा विषय इथेच संपला.

आता तिचे नखरे. पट्टीला बदल कळतो, नुसतं अंतर नाही. गाडी खांबापाशी थांबली की बझरही थोड्या वेळात गप्प होतो. नवा माणूस इथेच फसतो. वाजायचं थांबलं म्हणजे जागा आहे असं समजून पुन्हा मागे घेतो. वाजून गप्प झाला की उतरून बघायचं, एवढी सवय लावून घ्या. तिचा पल्लाही तोकडा, साधारण अर्धा ते पाऊण मीटर, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलांनीच मागे घ्यायची. पावसात बंपरवरून पाणी ओघळत असेल तर ती विनाकारणही वाजते. तळघरात तुम्हाला त्याचा त्रास कमी होईल.

भोक पाडायचं नसलं तरी बंपर बहुतेक गाड्यांत उतरवावाच लागतो. चाकाच्या कमानीतले स्क्रू आणि खालच्या-वरच्या क्लिपा काढल्या की तो सुटतो. जुन्या क्लिपा हमखास तुटतात, चार-सहा नव्या हाताशी ठेवा. आणि गाडी तुमच्या नावावर नाही, तेव्हा बंपर उतरवायची परवानगी आधी लेखी घ्या.

पट्टी चिकटवण्याआधीची सफाई हेच खरं काम. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला घाईत ओलं फडकं फिरवून मी पट्टी लावली होती. पहिल्याच पावसात गाडी परत आली, रिव्हर्स टाकला की बोंब. बंपर उतरवला तर पट्टीचं एक टोक सुटून आतल्या लोखंडी आडव्या पट्ट्याला टेकलेलं. चूक निव्वळ माझी. तेव्हापासून धूळ धुऊन काढतो, पूर्ण वाळू देतो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो आणि पट्टी अंगठ्याने वीत-वीत दाबत पुढे नेतो. लोखंड, सायलेन्सर, इतर वायरिंग यांच्यापासून ती चार बोटं तरी लांब हवी. गारठ्यात हे काम करू नका, गोंद धरत नाही. आणि दोन-तीन दिवस मागून पाण्याचा फवारा नको.

वीज रिव्हर्सच्या दिव्यावरून घ्यायची, म्हणजे गिअर टाकला की डबी आपोआप चालू. वायर डिकीतल्या रबरी बुचातून आत घेता येते, पत्र्यालाही भोक नको. नव्या गाड्यांत दिव्याला वीज तुटक-तुटक ठोक्यांनी जाते, तिथे बझर अडखळतो. तसं झालं तर डबी बदलत बसू नका, मध्ये फिल्टर असलेला रिले, म्हणजे ठोके सपाट करून सलग वीज देणारा छोटा स्विच, घालायला सांगा.

चाचणी रिकाम्या खोक्यावर घेऊ नका. सुका पुठ्ठा पट्टीला धड दिसत नाही, आणि तुम्ही म्हणाल सेन्सरच बाद आहे. पाण्याने भरलेला प्लास्टिकचा उंच डबा कोपऱ्यामागे ठेवा आणि सावकाश मागे या. चाचणीसाठी माणूस मात्र उभा करू नका, घरातला कितीही हौशी असला तरी.

प्रश्न : माझी गाडी रोज एकाच बंदिस्त गॅरेजमध्ये पुढून आत जाते. फक्त समोरच्या भिंतीशी किती जवळ आलो ते कळत नाही. त्यासाठीही पट्टीच लावू का?
(दुसऱ्या एका वाचकाचा प्रश्न)

उत्तर : नको. गाडी एकदा हवी तिथे नीट उभी करा. मग छतावरून दोरीला टेनिसचा चेंडू असा टांगा, की तो पुढच्या काचेला, तुमच्या नाकाच्या रेषेत, हलकेच टेकेल. रोज चेंडू काचेला लागला की ब्रेक. गाडी बदलली की दोरीची जागाही बदलायची, एवढंच लक्षात ठेवा. माझ्या शेजाऱ्याने नवी गाडी घेतली, ती आधीच्यापेक्षा लांब. चेंडू जुन्याच जागी होता, त्याप्रमाणे गाडी थांबली, आणि मागून शटर खाली ओढलं ते थेट डिकीवर.