इंजिनिअरिंगचे विद्यार्थी परदेशातल्या सेवा-प्रकल्पांत नेमकं काय शिकतात?

पंप बसवणं सोपं. वॉशर झिजल्यावर तो कोण बदलणार, तिथल्या बाजारात मिळतो का, पैसे कोण भरणार, हा खरा पेपर. वर्गात तो कुणी काढत नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाचे प्रा. बर्नार्ड अमादेई २००१ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातल्या सान पाब्लो गावी गेले. तिथली पाणीयोजना धबधब्याच्या जोरावर चालणारी, म्हणजे इंधनाची कटकटच नाही! त्यातूनच २००२ मध्ये ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स-यूएसए’ ही असे प्रकल्प करणारी संस्था उभी राहिली.

दोन आठवडे जाऊन फोटो काढून परतणं, याला मी तरी सहलच म्हणेन. प्रकल्प निवडताना अभ्यासक्रमात त्याचे क्रेडिट (गुणांक) किती हे विचाराच, पण त्याआधी विचारा: मागच्या तुकड्यांनी बांधलेलं आज चालू आहे का? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर दुसरा प्रकल्प बघा.