पंखा फिरतो, पडदा काळाच

प्रश्न : जुना कॉम्प्युटर उन्हाळाभर झाकून ठेवला होता. आता बटन दाबलं की पंखा फिरतो, थांबून थांबून लांब बीप वाजते, पडद्यावर काहीच नाही. एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) बदलू का? – एक वाचक, परभणी

उत्तर : एवढ्यात नको. अशी बीप बहुधा रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीची, तक्रार असते. प्लग काढून बटन १० सेकंद दाबून ठेवा, उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट उघडा, रॅमच्या खाचेच्या टोकाच्या खिट्ट्या उघडून रॅमची पट्टी काढा. सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरानं हलकेच घासा, खाच कोरड्या ब्रशनं झाडा. आपल्याकडची उन्हाळी धूळ नेमकी तिथंच बसते. फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. पट्टी ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा. दोन असतील तर एकेक लावून बघा. सुरू झाल्यावर तारीख चुकलेली दिसली तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट-पाटीवरचा) सीआर २०३२ हा बटनासारखा सेल बदला.