लहान कॅलिबरची डबल रायफल स्वस्तात कुठे मिळेल? सातपुड्याच्या पायथ्याला शेत आहे, भटकंतीला आणि टाइमपास नेमबाजीला पाहिजे

भाऊ, मी यावल तालुक्यातलाच, त्यामुळे तुमचं शेत कसं असेल ते डोळ्यासमोर आलं, केळी, मागे डोंगर, आणि रात्री रोही न् डुक्कर. म्हणून जरा मोकळं लिहितो.

आधी एक शंका. तुम्हाला डबल रायफलच पाहिजे का दुनळी? कारण आपल्याकडे दोन नळ्या दिसल्या की लोक सर्रास डबल रायफल म्हणून मोकळे होतात. आमच्या आजोबांकडे बारा बोअरची दुनळी होती आणि अख्खं गाव तिला रायफल म्हणायचं, मी पण दहावीपर्यंत तेच समजत होतो. दुनळी म्हणजे आतून गुळगुळीत नळी, छर्‍याचं काडतूस. रायफलच्या नळीत पिळाच्या चरी असतात, त्यातून गोळी फिरत जाते म्हणून सरळ जाते. आणि डबल रायफल म्हणजे अशा पिळाच्या दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन घोडे, दोन वेगळी लॉकं, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा. ही इंग्रजांनी हत्ती, गवा, वाघ असल्या अंगावर येणार्‍या जनावरांसाठी बनवली, एक बार फुसका गेला तर दुसरा तयार पाहिजे म्हणून.

आता ती स्वस्त का नसते ते सांगतो, मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. उजवी नळी उडाली की धक्का उजवीकडे बसतो, डावी उडाली की डावीकडे, म्हणून दोन्ही नळ्या अगदी समांतर बसवल्या तर गोळ्या दोन दिशांना जातात. मग कारागीर तोंडाशी दोन नळ्यांच्या मधे पाचर ठेवून बार काढतो, बघतो, झाळ वितळवतो, पाचर केसभर सरकवतो, परत बार काढतो, असं दोन्ही गोळ्या एका जागी पडेपर्यंत चालतं. याला रेग्युलेशन म्हणतात. आणि हे सगळं एका ठराविक काडतुसावर आणि ठराविक अंतरावर, काडतूस बदललं की गोळ्या परत फाकल्या. हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स असल्या इंग्रज बंदूकवाल्यांची नवी डबल रायफल घ्यायची तर एक ट्रॅक्टर विकून भागत नाही, ट्रॅक्टरची रांग विकावी लागते.

एवढी मेहनत .२२ साठी, म्हणजे तुम्ही म्हणता त्या लहान कॅलिबरसाठी, कोण करणार? .२२ ला धक्काच नाही, समोर डबा किंवा कागद, दुसर्‍या बाराची घाई कोणाला आहे. बाहेरदेशी स्वस्तात जे मिळतं ते म्हणजे वर .२२ ची नळी आणि खाली .४१० छर्‍याची, सॅव्हेज २४ जुनी, किंवा इटलीची कियाप्पा डबल बॅजर. तुम्ही इंटरनेटवर बहुतेक हेच बघितलं असणार. पण ती डबल रायफल नाही, जोडबंदूक आहे, आणि इथे साध्या माणसाला हत्यार आयात करता येत नाही, १९८० च्या दशकापासून ते दार बंद आहे, नामांकित नेमबाजांना तेवढी सूट. म्हणून तर आपल्याकडे जुनी ब्रनो या झेक कंपनीची .२२ पण लाखांच्या भाषेत बोलते.

मग राहिलं लायसन. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चं कलम १३ बघा, त्यात किमान वीस इंच लांब गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीसाठी, यांना वेगळी वाट आहे. रायफल त्यात बसत नाही, तिथे तुम्हाला ठोस कारण पटवून द्यावं लागतं आणि "टाइमपास" हे कारण कलेक्टर ऑफिसला चालत नाही, मी सांगून बघितलंय म्हणा ना, समोरचा साहेब नुसता चष्म्यावरून बघत राहिला. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, आणि निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करायची पायपीट वेगळीच.

कोणी म्हणेल कशाले रे भो एवढं, डोंगरापलीकडून गावठी बंदूक आणून घे. अजिबात नको. विनालायसन हत्यारासाठी आता कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच, आणि ती नळी कुठल्या पाइपाची असते ते देवाला ठाऊक, समोर कमी आणि तोंडावर जास्त फुटते.

आणि "भटकंती" म्हणालात तिथे मी थांबलो. यावल अभयारण्यात हत्यार घेऊन नुसतं शिरायलाच परवानगी लागते, वन्यजीव कायदा १९७२, कलम ३१. बाहेर पण होला, तितर, ससा काहीही मारलं तरी शिकार, एअर गनने मारलं तरी शिकारच. रोही-डुकराचा त्रास असेल तर वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज करा, तो वेगळा रस्ता आहे. आणि अजून एक, .२२ ची गोळी दिसायला शेंगदाण्याएवढी पण हवेतून दीड मैल जाऊ शकते, केळीत पानांच्या पलीकडे कोण मजूर वाकलेला आहे ते दिसत नाही भाऊ.

तुमच्या कामाला माझ्या मते .१७७ ची एअर रायफल पुरे. २० ज्यूलच्या आत ताकद आणि ४.५ मिमी पर्यंत बोअर, म्हणजे नळीचं भोक, असेल तर लायसन लागत नाही, दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद करतो तेवढंच. आपल्याच देशातली प्रेसिहोल वगैरे दहा-पंधरा हजाराच्या आसपास मिळते, नळी मोडून कॉक करायची, एक छर्रा, एक बार. दुसरा बार लगेच नाही मिळत, पण त्यानेच नेम सुधारतो. मागे मातीचा ढीग ठेवा, दगड नको, मी पहिल्याच आठवड्यात बांधावरच्या दगडाला मारला आणि छर्रा उलटा येऊन गालाला लागला, डोळा दोन बोटं लांब होता. तेव्हापासून चष्मा घालूनच.

आणि घरात आजोबा-काकांची लायसनची दुनळी असेल तर मात्र ती सोडू नका. लायसनदार वारला, किंवा सत्तरी गाठली, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, तर २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये वारसाला अर्ज करता येतो, वारस पात्र पाहिजे फक्त. आमच्या घरी हा अर्ज करायला कोणी उठलंच नाही, दुनळी गेली डीलरकडे जमा आणि परत आली नाही. तुमच्याकडे असली तर नळ्या उतरवून खालच्या बाजूला काय कोरलंय ते वाचा, बारा आकडा असेल तर ती बारा बोअर, आणि जुन्या इंग्रजी नळीवर "नॉट फॉर बॉल" दिसलं तर त्यात गोळीचं काडतूस चुकूनही घालू नका.