गार्डन ट्रॅक्टरच्या बर्फ हटवण्याच्या पात्याची झिजलेली उचल-यंत्रणा कशी दुरुस्त करावी?

आपल्या ट्रॅक्टरचे पुढचे पाते हाताच्या लिव्हरने उचलले जाते, पण आता लिव्हर पूर्ण मागे ओढूनही ते जमिनीपासून जेमतेम वर येते आणि धक्का बसला की खाली पडते. अशा वेळी उचलदांडी, म्हणजे लिव्हरची ओढ पुढे पोचवणारी दांडी, आखडून घेतली तर काम भागेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भागणार नाही, मात्र संपूर्ण यंत्रणा बदलण्याचीही गरज नाही. झिजलेली भोके पुन्हा गोल करून त्यांत मापाच्या पिना बसवल्या की ही यंत्रणा पुष्कळ वर्षे काम देते.

दांडी आखडल्याने झीज भरून निघत नाही, तिची जागा तेवढी बदलते. लिव्हर, दांडी, आडवा शाफ्ट, त्यावरची आखूड भुजा आणि पात्याची चौकट यांच्यामधल्या प्रत्येक सांध्यात थोडाथोडा ढिलेपणा साचतो आणि त्या सगळ्याची बेरीज पात्यापाशी दिसते. उचलणारी भुजा चौकटीला बिजागरीपासून 50 मिमीवर धरत असेल आणि पात्याची कड 500 मिमीवर असेल, तर सांध्यातला 1 मिमी ढिलेपणा कडेपाशी 10 मिमी होतो. दांडी आखडली की उंची परत मिळते खरी, पण तेवढेच पाते खाली जाण्याचे अंतर कमी होते आणि सैल पिना प्रत्येक धक्क्याला भोकांवर आपटत राहतात.

म्हणून हत्यार हातात घेण्यापूर्वी झीज नेमकी कुठे आहे ते पाहावे. इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी, पाते जमिनीवर टेकवावे आणि दुसऱ्या कोणाला तरी लिव्हर अगदी सावकाश ओढायला सांगून आपण बाजूने प्रत्येक सांधा न्याहाळावा. एक भाग हलला पण त्याला जोडलेला पुढचा भाग थोड्या वेळाने हलला, तर झीज त्या सांध्यात आहे. शाफ्ट फिरतो पण त्यावरची भुजा उशिरा फिरते, असे दिसले तर भुजा शाफ्टला पक्की करणारी पिन किंवा चावी (दोघांच्या खाचेत बसणारा धातूचा तुकडा) झिजलेली असते, आणि हा दोष पुष्कळदा नजरेतून सुटतो. तिथे भुजा योग्य कोनात धरून जुन्या भोकाशी काटकोनात पिनेसाठी नवे भोक पाडणे मला अधिक भरवशाचे वाटते.

लांबट झालेल्या भोकांसाठी दोन मार्ग आहेत. पट्टीत भोकाभोवती पुरेसे धातू शिल्लक असेल, तर भोक मोठे करून त्यात पोलादी किंवा गनमेटलचा (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा) बुश, म्हणजे भोकाला अस्तरासारखी बसणारी छोटी नळी, दाबून बसवावा. मला हाच मार्ग पसंत आहे, कारण पुढच्या वेळी फक्त बुश आणि पिन बदलावी लागते. पट्टी अरुंद असेल तर मागे तांब्याची पट्टी लावून, जिला वेल्ड चिकटत नाही, भोक वेल्डिंगने भरावे, सपाट घासावे आणि मूळ केंद्र मोजून पुन्हा ड्रिल करावे. केंद्र झिजलेल्या भोकावरून घेऊ नये, कारण ते एका बाजूला सरकलेले असते. दुसऱ्या, न झिजलेल्या भोकापासून मोजावे. वेल्डिंग भाग ट्रॅक्टरवरून उतरवून, पेट्रोलच्या टाकीपासून दूरच करावे, आणि जस्ताचा मुलामा असलेल्या भागावरचा मुलामा आधी घासून काढावा, कारण त्याचा धूर आरोग्याला घातक असतो.

पिनेऐवजी बोल्ट वापरायचा असेल तर त्याचा आटे नसलेला गुळगुळीत भाग सांध्याच्या पूर्ण जाडीइतका असला पाहिजे. आटे भोकात राहिले तर ते कानशीसारखे भोक खातात. नट सांधा मोकळा फिरेल इतकाच आवळावा आणि तो सुटू नये म्हणून लॉकनट घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. दांडीच्या टोकाला किंवा भुजेत एखादे लांबट भोक मूळचेच असते. त्याच्या कडा सरळ आणि दोन्ही टोके नीट गोल असतात. पाते जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे आपोआप वरखाली व्हावे यासाठी ते मुद्दाम ठेवलेले असते, त्यामुळे झीज समजून ते भरू नये. ते भरले तर पाते ताठ राहते आणि फरशीच्या कडेला अडकल्यावर सगळा धक्का यंत्रणेला बसतो.

पाते धक्क्याने पडते याचे कारण मात्र वेगळे आहे: लिव्हर अडकवणारा खटका आणि त्याची खाच यांच्या कडा गोलावलेल्या असतात. कानशीने कडा पुन्हा धारदार कराव्यात आणि खाचेचा उतार किंचित आत ठेवावा, म्हणजे पात्याचे वजन खटक्याला आत खेचेल. खटक्याची स्प्रिंग मऊ पडली असेल तर तीही बदलावी. उचलायला मदत करणारी मोठी स्प्रिंग असेल तर ती सर्वांत सैल असलेल्या स्थितीतच काढावी, आणि पाते वर ठेवून काम करायचे असल्यास त्याखाली भक्कम ठोकळे द्यावेत.

जोडणी झाल्यावर सपाट जागी पाते टेकवून पिन त्या मूळच्या लांबट भोकाच्या साधारण मध्यावर येईल अशी दांडी जुळवावी, आणि मगच तिचा लॉकनट आवळावा.