तालात होता, पण लयीत नव्हता?

नागपूरच्या वसंतराव देशपांडे सभागृहात मैफल संपल्यावर शेजारी बसलेले एक जाणकार म्हणाले, 'गायक तालात होता, पण लयीत नव्हता.' ताल आणि लय एकच ना, मग हे कसं, असं एका वाचकाने विचारलं आहे. शिवाय 'लयीत' बरोबर की 'लयात'?

एकच नाहीत. ताल म्हणजे मात्रांची, म्हणजे मोजणीच्या ठोक्यांची, ठरलेली मांडणी. तीनतालाच्या मात्रा १६, 'सम' (तालाची सुरुवातीची, मुख्य जागा) पहिल्या मात्रेवर, 'खाली' (जिथे टाळी देत नाहीत ती जागा) नवव्या मात्रेवर. गाणं संथ असो की जलद, ही मांडणी हलत नाही. लय म्हणजे दोन मात्रांमधलं अंतर, आणि ते सारखं राखणं. म्हणून विलंबित, मध्य, द्रुत ही विशेषणं लयीला लागतात. ध्रुपद या जुन्या गानप्रकारातल्या नोमतोममध्ये, म्हणजे 'नोम', 'तोम' अशा अक्षरांवरच्या आलापात, ताल नसतो, लय मात्र असते.

आता तो शेरा. तानेच्या भरात गायक पळायला लागतो आणि समेवर अर्धी मात्रा आधीच पोचतो. मुरलेला तबलजी काय करतो? शेवटचे 'ता धिं धिं धा' जरा आवळून घेतो आणि समेचा 'धा' नेमका गायकाबरोबर पाडतो. सम जुळली, माना हलल्या, ताल मोडला नाही. पण मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसलेल्याला ते आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) तोकडं झालेलं कळतं. रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा गाता येतं, मैफलीत गेलेली मात्रा गेली. माझ्या मते सुरातली एखादी कसर श्रोते माफ करतात, पण लय डळमळली की सगळी बैठकच अस्वस्थ होते.

लय वाढणं हा मात्र दोष नव्हे. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं आपल्या विदर्भात सगळ्यांनी ऐकलेली. भजन रंगात आलं की लय चढते, पण सगळ्यांची मिळून. हा फरक मराठी क्रियापदांतही दिसतो: लय 'वाढवतात' किंवा 'चढवतात' ती जाणूनबुजून, 'सुटते' ती हातातून.

राहिलं रूप. दोन्ही अर्थांचं मूळ 'ली' धातूच, विरून जाणे, लीन होणे. पण गाण्यातली 'ती लय' स्त्रीलिंगी, म्हणून लयीत, लयीला, लयीचा. नाश या अर्थाचा 'तो लय' पुल्लिंगी, म्हणून राज्य लयाला जातं. तेव्हा गायकाबद्दल लिहिताना 'लयीत'च लिहावं.