नाक वाहते आहे, पाळणाघरात पाठवू का?

प्रश्न : माझी मुलगी अडीच वर्षांची असून टिळकवाडीतील एका पाळणाघरात जाते. मी उद्यमबागेतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करते आणि माझे यजमान धारवाडला असल्याने केवळ शनिवार-रविवारी घरी असतात. पावसाळा सुरू झाल्यापासून मुलीचे नाक सारखे वाहते. येळ्ळूरला राहणाऱ्या सासूबाई म्हणतात, की पोरीला अशा हवेत घराबाहेर काढू नये. पाळणाघराच्या ताई म्हणतात, की सगळ्याच मुलांची नाके वाहतात, खुशाल आणा. इतर पालक मात्र तिच्या नाकाकडे बघून आपापली मुले बाजूला ओढतात. माझ्या रजा संपत आल्या आहेत. तिला नेमके केव्हा घरी ठेवावे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : केवळ नाक वाहते एवढ्या कारणासाठी मुलीला घरी ठेवण्याची गरज नाही. तिला ताप नसेल, ती नेहमीप्रमाणे खेळत असेल, चार घास कमी का होईना पण खात-पीत असेल आणि रात्री बऱ्यापैकी झोपली असेल, तर तिला पाठवावे.

सर्दी दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंमुळे होऊ शकते, त्यांत ऱ्हायनोव्हायरस सर्वांत जास्त आढळतो. नाक वाहू लागण्याच्या आदल्या दिवसापासूनच हा संसर्ग पसरू लागतो आणि पुढचे दोन-तीन दिवस त्याचा जोर सर्वाधिक असतो. म्हणजे इतर पालकांना तुमच्या मुलीचे नाक दिसण्यापूर्वीच ती त्यांच्या मुलांबरोबर त्याच चटईवर बसून तीच खेळणी हाताळून आलेली असते. नाक पूर्ण कोरडे होईपर्यंत घरी ठेवायचे म्हटले, तर एक सर्दी सात ते दहा दिवस चालते, मागे राहिलेला खोकला दोन आठवडेही रेंगाळतो आणि या वयाच्या मुलांना वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे सर्वसाधारण मानले जाते. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना तर सुरुवातीच्या काळात त्याहूनही अधिक वेळा होते. रजांचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडाल. शेंबूड तीन-चार दिवसांनी पिवळा किंवा हिरवट होतो, म्हणून घाबरू नये, आणि तेवढ्यावरून अँटिबायोटिकही मागू नये. विषाणूवर त्याचा काही उपयोग होत नाही.

आता घरी ठेवण्याचे दिवस. अंगात 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, उलट्या-जुलाब होत असतील, तापाबरोबर अंगावर पुरळ आले असेल किंवा कान धरून ती रडत असेल, तर तिला पाठवू नये. ताप औषधाशिवाय पूर्ण 24 तास उतरलेला राहिल्यावरच पुन्हा पाठवावे. याखेरीज एक खूण अशी आहे, जी थर्मामीटरवर दिसत नाही, पण मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. मूल मांडीवरून उतरायलाच तयार नसेल, कुरकुरत राहून केवळ बिलगून बसत असेल, तर ताप नसतानाही त्याला त्या दिवशी घरी राहू द्यावे, कारण एका ताईंच्या हाताखाली आठ-दहा मुले असतात आणि त्यांतील एकालाच दिवसभर मांडीवर घेऊन बसणे त्यांना शक्य नसते.

सकाळी पॅरासिटामॉल पाजून ताप उतरवायचा आणि मूल पाळणाघरात सोडून कामाची वेळ गाठायची, हा मार्ग अनेक घरांत अवलंबिला जातो. त्यामागची अडचण मला समजते, पण तो मार्ग चुकीचाच आहे. औषधाचा परिणाम चार ते सहा तासांत ओसरतो, दुपारच्या झोपेत मुलाचे अंग पुन्हा तापू लागते आणि सकाळी औषध दिले होते हे ताईंना माहीत नसल्याने त्याच औषधाची मात्रा वेळेआधी दुसऱ्यांदा पाजली जाण्याचा धोका असतो. रात्री थोडी जरी कणकण जाणवली असेल, तरी सकाळी मुलीला सोपवताना तसे स्पष्ट सांगावे.

ज्या दिवशी शंका वाटेल, त्या दिवशी ती झोपलेली किंवा शांत असताना झबले वर करून तिच्या पोटाकडे पाहावे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा उपयोगाचा नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 किंवा अधिक भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर प्रश्न पाळणाघराचा राहत नाही. त्याच वेळी डॉक्टरांकडे जावे.

सासूबाईंच्या म्हणण्यात हवेचा वाटा आहे, फक्त तो वेगळ्या तऱ्हेने. आपल्याकडे बेळगाव-खानापूर पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस उसंत देत नाही, दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात आणि कोंदट खोलीत मुले दिवसभर एकमेकांच्या अंगावर शिंकत राहतात. पाळणाघराची एक तरी खिडकी उघडी असते का, हे अवश्य विचारा. फ्रॉकला पिनेने अडकवलेला रुमालही बंद करावा. तोच ओला रुमाल दिवसभर नाकावर, मग खेळण्यांवर आणि शेजारच्या मुलाच्या गालावर फिरतो. त्याऐवजी एकदा वापरून टाकता येतील असे कागदी रुमाल किंवा जुन्या सुती साडीचे तुकडे पिशवीत द्यावेत, आणि नाक पुसल्यावर ताईंनी स्वतःचे व मुलीचे हात साबणाने धुवावेत असे ठरवून घ्यावे.

तापाच्या दिवसासाठी सासूबाईंना आधीच विचारून ठेवावे. सर्दीच्या प्रत्येक दिवशी त्यांना येळ्ळूरहून बोलावणे जमणार नाही, पण वर्षातून मोजक्या दिवशी त्या आनंदाने येतील. इतर पालकांच्या नजरांवर उपाय एकच : कोणत्या लक्षणांना मूल घरी ठेवायचे, हे पाळणाघराने सर्वांसाठी लेखी ठरवून दाराशी लावावे.

प्रश्न : माझा नातू दहा महिन्यांचा आहे. सर्दी असली, की त्याला पाळणाघरात सोडण्यापूर्वी मी नाकात खोबरेल तेलाचे दोन थेंब घालते, ओव्याची धुरी देते आणि गेल्या खेपेच्या बाटलीत उरलेले सर्दीचे औषध पाजते. सुनेला हे पसंत नाही.
— एक आजी, निपाणी

उत्तर : या तिन्ही बाबतींत मी सूनबाईंच्या बाजूने आहे. तेल नाकातून श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. त्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब दूध पाजण्यापूर्वी घालावेत. धुराने आधीच सुजलेली श्वासनलिका अधिक चिडते. बाटलीतले औषध तर आजच ओतून टाकावे. 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असलेले खोकल्याचे औषध पाजल्याने लहान मुले दगावली. त्याच सुमारास केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे कळविले. वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही चाटवू नये.

नातवाचे श्वास मोजण्याची रीत वर सांगितलीच आहे. त्याच्या वयाला मर्यादा मिनिटाला 50 ची. श्वास त्या आकड्याला पोहोचले, किंवा तो दूध ओढता ओढता दमून मध्येच सोडू लागला, तर त्याला पाळणाघराऐवजी दवाखान्यात न्यावे.